व्हाया निपाणी

देवचंद कॉलेज, अर्जुननगर, व्हाया निपाणी, ता. कागल, जि. कोल्हापूर, ५९१२३७.

वेबसाइटचं राउटिंग, म्हणजे आलेला पत्ता वाचून विनंती कोणाकडे धाडायची ती व्यवस्था, शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर आधी हा पत्ता लिहितो. बाहेरगावच्या मुलांना त्यात काही खटकत नाही. निपाणीचं मूल मात्र हसतं, कारण त्याला ठाऊक असतं. कोल्हापूर जिल्ह्याचे पिन ४१६ ने सुरू होतात, आणि ५९१ म्हणजे बेळगाव जिल्हा. कॉलेज महाराष्ट्रात, संलग्न कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी, आणि पिन कर्नाटकातला. पत्ता चुकलेला नाही. अर्जुननगर निपाणीला चिकटून आहे, सीमा मधून जाते एवढंच. टपाल निपाणीच्या पोस्टातून येतं आणि बिनचूक पोचतं.

मराठी माणूस पत्त्याच्या सुरुवातीला ‘मु. पो.’ लिहितो. इतकी वर्षं लिहितोय की ती दोन वेगळी अक्षरं आहेत हेच विसरायला झालंय. मु. म्हणजे मुक्काम, माणूस राहतो ते गाव. पो. म्हणजे पोस्ट, त्या गावाचं टपाल जिथून वाटलं जातं ती कचेरी. मोठ्या गावात दोन्ही एकच, म्हणून जोडून लिहितात. वाडीवस्तीवर मु. एक आणि पो. दुसरं. वेबवर मु. म्हणजे कोड किंवा फाइल प्रत्यक्ष ठेवलेली जागा आणि पो. म्हणजे तिथवर जायची वाट. राउटिंगची कुळकथा ही मु. आणि पो. वेगळे कसे होत गेले याची कथा आहे.

टपालात ही फारकत पक्की केली ती एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतात कविता लिहीत. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिन सुरू झाला तो त्यांच्या योजनेनुसार. अडचण आपल्या ओळखीचीच होती. एका नावाची दहा गावं, एका गावाची चार भाषांत चार रूपं, आणि कन्नडमध्ये लिहिलेलं पाकीट पुण्यात वाचायचं कोणी? उत्तर म्हणून सहा अंक आले. पहिला अंक विभागाचा, पहिले दोन मिळून उपविभागाचे, पहिले तीन मिळून सॉर्टिंग जिल्ह्याचे, उरलेले तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. देशाचे आठ विभाग, नववा लष्कराच्या टपालाचा.

पुण्यात सॉर्टिंग करणाऱ्याला निपाणी कुठे आहे हे माहीत असायची गरज राहिली नाही. त्याने ५ बघायचा आणि दक्षिणेच्या खणात पाकीट टाकायचं. पुढच्याने ५९१ बघायचं. २३७ शी मतलब फक्त शेवटच्या टप्प्यावरच्या माणसाचा. प्रत्येकाने आपल्यापुरते अंक वाचायचे आणि बाकीचे पुढच्यावर सोडायचे. हे नीट लक्षात ठेवा, कारण तेहतीस वर्षांनी अमेरिकेत नेमकं हेच पुन्हा घडलं. वेबवाल्यांनी ते टपालखात्याकडून उचललं असं माझं म्हणणं नाही. गरज एकच होती, म्हणून उत्तरही त्याच जातीचं निघालं.

वेबच्या सुरुवातीला मु. आणि पो. एकच होते. पत्त्यात जे फोल्डर लिहिलं तेच सर्व्हरच्या डिस्कवर असायचं आणि त्यात ती फाइल. फाइल हलली की पत्ता मेला. १९९३ मध्ये सीजीआय आलं, पानं प्रोग्राममधून तयार होऊ लागली, आणि पत्त्यांना प्रश्नचिन्हाच्या लांबलचक शेपट्या फुटल्या. १९९६ मध्ये राल्फ एंगेलशाल या जर्मन तरुणाने अपाची सर्व्हरसाठी मॉड-रीराइट लिहिलं. बाहेर दिसणारा पत्ता एक आणि आतली फाइल दुसरी, हे त्यामुळे साध्या नियमांनी जमू लागलं. दोन वर्षांनी वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी कळकळीने लिहिलं की चांगला पत्ता बदलत नाही. माझ्या मते हा विचारच या सगळ्या कुळातला मूळ पुरुष. बाकीची त्याच्यासाठी केलेली यंत्रं.

मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची शाखा निराळी आणि वेबहून जुनी. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकॉग १९७८-७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत काम करत होते, तेव्हा त्यांनी ही मांडणी केली. माहिती सांभाळतं ते मॉडेल, दाखवतो तो व्ह्यू, आणि माणसाची हालचाल टिपतो तो कंट्रोलर. हालचाल म्हणजे तेव्हा माउस आणि कीबोर्ड. ही मांडणी वेबवर आली तेव्हा सर्व्हरपर्यंत माउस पोचतच नव्हता. पोचत होता तो पत्ता. मग पत्ता वाचून कोणत्या कंट्रोलरला हाक मारायची हे ठरवणारा एक जण दारात बसवावा लागला. तो राउटर. २००४ मध्ये रूबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कने ‘कंट्रोलर, अ‍ॅक्शन, आयडी’ हा तीन खणांचा साचा रूढ केला आणि घरोघरी तोच शिकवला गेला.

वर म्हटलेली तेहतीस वर्षं इथे पुरी होतात. २००५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेलं जँगो हे फ्रेमवर्क बाहेर आलं. त्यात मोठी साइट लहान लहान मॉड्यूलची करायची सोय होती आणि प्रत्येक मॉड्यूल आपले पत्ते आपल्याजवळ ठेवी. मुख्य राउटर पत्त्याचा पहिला तुकडा ओळखतो, तेवढा कापतो आणि उरलेला त्या मॉड्यूलच्या हवाली करतो. ग्रंथालयाच्या मॉड्यूलला आपण मुख्य साइटवर कोणत्या नावाखाली बसलोय हे कळतही नाही. आधी ५९१, मग २३७, तीच ही रीत.

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट एमव्हीसीमध्ये मॉड्यूलची सोय २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘एरिया’ या नावाने आली, आणि तिच्यासोबत एक चूक जगभर प्रसिद्ध झाली. मुख्य साइटला ‘होम’ नावाचा कंट्रोलर, प्रशासनाच्या एरियालाही ‘होम’. मुख्य रूट, म्हणजे पत्ता आणि कंट्रोलर जोडणारी नोंद, लावला की यंत्रणा ओरडते, या नावाचे एकाहून अधिक सापडले. आपल्याकडे नुसतं ‘मु. शिरगाव’ लिहिलेल्या पाकिटाचं हेच होतं. उपायही तोच आहे. रूट नोंदवताना नेमस्पेस द्यायची, म्हणजे ता. आणि जि. लिहायचं.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट, कारण राउटिंग कुठे बिघडतं हे त्याशिवाय नीट सांगता येणार नाही. इथल्याच एका शिक्षणसंस्थेची साइट बांधत होतो. चार मॉड्यूल होती. ग्रंथालय, प्रवेश, वसतिगृह, आणि संस्थेची साधी माहितीची पानं ठेवायला ‘पाने’. साइट चढवली. ग्रंथालय छान उघडलं. प्रवेश उघडेना, वसतिगृह उघडेना, दोन्हीकडे ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. प्रवेश आणि वसतिगृह एकाच मुलाने लिहिले होते, म्हणून संशय त्याच्यावर गेला. दोन दिवस मी त्याचा कोड चाळला. कोडमध्ये काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कोड बंद केला आणि सगळे रूट ज्या क्रमाने नोंदले गेले होते तशी यादी छापली. रेल्समध्ये एका आज्ञेत ती निघते. यादी वरून खाली वाचली आणि मधेच बोट थांबलं. ‘पाने’ मॉड्यूलने एक मोकळा रूट ठेवला होता, कुठलाही पत्ता आला तरी आपलाच मानणारा. राउटर वरून खाली जातो आणि जुळणाऱ्या पहिल्या रूटवर थांबतो, पुढचे बघतही नाही. आमची मॉड्यूल फोल्डरच्या नावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने चढत होती. ग्रंथालयाचा जी आधी. मग पाने, पी आणि ए. मग प्रवेश, पी आणि आर. शेवटी वसतिगृहाचा व्ही. पानेच्या आधीचं चाललं, नंतरची दोन्ही त्याने गिळली. मॉड्यूलना क्रमांक दिले, ‘पाने’ शेवटी टाकलं, पाच मिनिटांत सगळं सुरू. त्या मुलाची मी वर्गासमोर माफी मागितली. तेव्हापासून बिघाड आला की मी आधी यादी छापतो, कोड नंतर उघडतो.

दुसरी सवय टपालावरून घेतलेली. परत आलेल्या पाकिटावर ते कुठकुठे फिरलं त्याचे शिक्के असतात, आणि कुठून परतलं हे शिक्के वाचले की कळतं. ४०४ चं पानही तसंच वाचायचं. कोरं, अपाचीच्या नावाचं पान आलं तर विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचलेलीच नाही. सर्व्हरची मांडणी तपासा. बहुतेक वेळा रीराइट बंद असतं, आणि मुख्यपान तेवढं उघडतं. तुमच्या साइटच्या रंगरूपातलं ४०४ आलं तर राउटरने वाचून नाकारलंय. मग यादी बघा. ४०५ आला तर पत्ता बरोबर आहे, पण पाठवायची पद्धत चुकली आहे. फॉर्म ‘पोस्ट’ पद्धतीने जातोय आणि रूट फक्त ‘गेट’चा आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर चालणारं लिनक्सच्या सर्व्हरवर अडलं तर फाइलच्या नावातली लहानमोठी अक्षरं बघा, कारण विंडोज त्यांत फरक करत नाही, लिनक्स करतं. आणि रूट बदलूनही जुनंच वागणं दिसलं तर साठवून ठेवलेली रूटची प्रत पुसा.

मराठीतून पत्ते ठेवायचे म्हटलं की एक खास आपली अडचण येते. ‘निपाणी’ हा शब्द ब्राउझरमधून निघताना सहा चिन्हांचे अठरा बाइट होतात आणि टक्क्याच्या खुणांसकट चोपन्न अक्षरं लांब पत्ता तयार होतो. ते चालतं, यंत्राला त्याचं काही नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. शीर्षकावरून पत्ता बनवताना जँगो पायथॉनच्या ज्या नियमाने ‘अक्षर’ ओळखतं, त्यात वेलांटी आणि काना अक्षर धरलेले नाहीत. ते गाळले जातात. ‘निपाणी’चं ‘नपण’ होतं. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. उपाय अवघड नाही, नियमात मात्रांचा वर्ग स्वतः जोडावा लागतो. पण आपल्या भाषेतल्या साइट बांधणाऱ्याने हे तपासलंच पाहिजे, दुसरं कोणी तपासणार नाही.

आमच्या गावाच्या पाटीवर काय काय बदललं बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. १९६७ च्या अहवालात महाजन आयोगाने ती महाराष्ट्राला द्यावी असं लिहिलं, ते झालं नाही. १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी, त्यानंतर चिकोडी तालुक्यातून निपाणी वेगळा तालुका झाला. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. यातल्या १९७२ नंतरच्या बदलांत ५९१२३७ जागचा हलला नाही. वेलणकरांनी अंकांत राज्याचं किंवा गावाचं नाव घातलं नव्हतं म्हणून ते साधलं. साइटचा पत्ता ठरवताना त्यात तंत्रज्ञानाचं, विभागप्रमुखाचं, वर्षाचं नाव घालू नका असं मी मुलांना सांगतो ते याच कारणाने. आणि मॉड्यूल हलवावंच लागलं तर जुन्या पत्त्यावर ३०१ ची पाटी ठेवा, कायमचं स्थलांतर, नवा पत्ता हा.

मध्यंतरी अर्जुननगरच्या एका मुलाचा ऑनलाइन अर्ज भरायला बसलो होतो. पिन टाकला, राज्याच्या रकान्यात आपोआप कर्नाटक आलं आणि रकाना कुलूपबंद झाला. जिल्ह्यांच्या यादीत कोल्हापूर नाही, तालुक्यांत कागल नाही. मुलगा महाराष्ट्राचा रहिवासी, त्याचा दाखला महाराष्ट्राचा. फॉर्म लिहिणाऱ्याने पो. वरून मु. ठरवून टाकलं होतं. शेवटी कागलचा पिन घालून अर्ज पुढे सरकवला, आणि पुढे आलेलं पत्र कागलच्या पोस्टात जाऊन पडलं.

तुम्ही कुठल्याही फॉर्मचा कोड लिहीत असाल तर एवढं करा. पिनवरून राज्य खुशाल सुचवा, पण तो रकाना भरणाऱ्याला बदलता येऊ द्या. अर्जुननगरच्या मुलांना त्याची गरज पडते.