वहिवाटीचा रस्ता आणि बांधकामाची जमीन

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात जमिनीचा व्यवहार गुंठ्याच्या भावावर ठरतो; रस्त्याचा प्रश्न मात्र बहुधा खरेदीखत झाल्यावर उभा राहतो. ‘येथून आमची बैलगाडी पूर्वापार जाते’ असे विकणारा सांगतो, विकसक त्यावर विसंबतो आणि शेजारी एके दिवशी बांधावर तारेचे कुंपण घालतो. या पट्ट्यात जमीन विकणाऱ्या वा सदनिका घेणाऱ्या आपल्या धर्मग्रामस्थांसाठी या विषयाची थोडक्यात माहिती आम्ही येथे देत आहोत.

दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या हक्कास कायद्यात ‘सुविधाधिकार’ म्हणतात. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम तत्कालीन मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला. त्यानुसार २० वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड व हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर असा हक्क निर्माण होतो. सरकारी जमिनीबाबत ही मुदत ३० वर्षांची आहे. शेजाऱ्याच्या परवानगीने केलेली ये-जा कितीही वर्षे चालली, तरी तिचा हक्क होत नाही.

खरी मेख पुढेच आहे. हक्क ज्या प्रकारचा मिळाला, त्याच प्रकारचा राहतो. पीक नेण्यापुरती वाट असेल, तर त्याच वाटेने काँक्रीटचे मिक्सर आणि पुढे शंभर बिऱ्हाडांची वाहने नेता येतीलच असे नाही. शेजाऱ्याच्या जमिनीवर जादा भार टाकण्यास कायद्याची मुभा नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात, पण तो विचार शेतकऱ्याच्या गरजेचा असतो. विकसकाने त्यावर इमला रचू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुरक्षित मार्ग एकच: शेजाऱ्याशी नोंदणीकृत दस्त. त्यात गट क्रमांक, रस्त्याची रुंदी, वाहनांचा प्रकार, जलवाहिनी व सांडपाण्याची वाहिनी यांचा उल्लेख असावा, मोजणीचा नकाशा जोडावा आणि सर्व सहहिस्सेदारांच्या, बहिणींच्याही, सह्या घ्याव्यात. (बहिणींचा विसर फार सहज पडतो!) सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकानाही वाचावा. औद्योगिक विकास महामंडळाच्या आखीव भूखंडांना महामंडळाचेच रस्ते असल्याने तेथे हा प्रश्न सहसा येत नाही.

जमिनीचा मागचा तुकडा विकून पुढचा स्वतःकडे ठेवणाऱ्याने लक्षात घ्यावे, की दुसरा मार्ग नसल्यास खरेदीदारास त्याच्या जमिनीतून वाट मागता येते.

शेताची वाट अडवली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागावी लागते. चाकण खेड तालुक्यात असल्याने ते कार्यालय राजगुरुनगर येथे आहे. वकिलाचा खर्च न झेपणाऱ्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही.