कर्क, स्पॉक आणि मधली तिरकी रेघ

सप्टेंबर १९७४ मध्ये 'ग्रप' नावाच्या एका हौशी अमेरिकन नियतकालिकाच्या तिसऱ्या अंकात दोन पानांची एक कथा आली. लेखिका डायान मर्चंट, राहणारी ऑस्ट्रेलियाची. कथेत दोघेजण एकमेकांच्या मिठीत आहेत, पण नावं कुठेच नाहीत. 'ग्रप' निघत होतं ते 'स्टार ट्रेक' मालिकेच्या भक्तांसाठी. त्यामुळे हे दोघे कोण, हे वाचकांना सांगावं लागलं नाही. एक एंटरप्राइज यानाचा कप्तान जेम्स कर्क, दुसरा त्याचा व्हल्कन या परग्रहाशी नातं सांगणारा सहकारी स्पॉक. टीव्हीवरच्या दोन जोडीदार पुरुषांना प्रियकर म्हणून रंगवणारी छापून आलेली पहिली कथा म्हणून हिचं नाव घेतलं जातं. आज इंटरनेटवर अशा कथांना अंत नाही. त्यांची कुळी शोधायची तर मात्र १९७४ च्याही मागे जावं लागतं.

जोडगोळी टीव्हीने शोधलेली नाही. समीक्षक लेस्ली फीडलर यांनी १९४८ साली 'पार्टिझन रिव्ह्यू'त एक लेख लिहून अमेरिकन साहित्यविश्वात खळबळ उडवून दिली होती. हक फिन आणि जिम, 'मोबी डिक'मधले इश्मेल आणि क्वीक्वेग, कूपरच्या कादंबऱ्यांमधले नॅटी बम्पो आणि चिंगाचगूक: एक गोरा, दुसरा गोरा नसलेला, आणि दोघेही घरसंसाराकडे पाठ फिरवून रानात नाहीतर पाण्यावर निघालेले. अमेरिकन कादंबरीत खरं प्रेम सापडतं ते या जोड्यांमध्ये, असं फीडलर यांचं म्हणणं होतं. त्याच्या सात वर्षं आधी रहस्यकथाकार रेक्स स्टाउट यांनी शेरलॉक होम्सच्या चाहत्यांच्या वार्षिक मेजवानीत 'वॉटसन ही बाई होती' असं भाषण ठोकलं होतं. ती निव्वळ थट्टा होती. पण होम्स-वॉटसनच्या बेकर स्ट्रीटवरच्या त्या बिऱ्हाडात काहीतरी नवरा-बायकोसारखं चाललंय, हे लोकांना आतून पटलं नसतं तर ती थट्टा जमलीच नसती.

टीव्हीने हा वारसा जसाच्या तसा उचलला. 'द मॅन फ्रॉम अंकल'मध्ये (१९६४-६८) ऐन शीतयुद्धात अमेरिकन नेपोलियन सोलो आणि सोव्हिएत इल्या कुर्याकिन खांद्याला खांदा लावून लढत होते. 'आय स्पाय'मध्ये (१९६५-६८) गोरा रॉबर्ट कल्प आणि कृष्णवर्णीय बिल कॉस्बी हे हेर होते. सप्टेंबर १९६६ मध्ये 'स्टार ट्रेक' सुरू झाली आणि फरक आणखी ताणला गेला: विल्यम शॅटनरचा कर्क पृथ्वीवरचा, उतावळा, लेनर्ड निमॉयचा स्पॉक अर्धा परग्रहावरचा, भावना दाबून टाकणारा.

या जोड्यांमध्ये इतकी माया का साचली, याचं उत्तर पटकथेपेक्षा धंद्यात सापडतं. त्या काळी मालिका आठवड्याला एक भाग या हिशेबाने चाले. पुढे पुनःप्रक्षेपणात कुठलं स्टेशन कुठला भाग कधी लावील याचा नेम नसे. म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र, आणि शेवटी सगळं पुन्हा जागच्या जागी. नायकाचं लग्न लावून दिलं तर पुढच्या आठवड्यात बायकोचं करायचं काय? त्यामुळे नायिका नेहमी पाहुणी. भाग संपण्याआधी ती मरायची, निघून जायची नाहीतर खलनायकाची हस्तक निघायची. १९६७ च्या एका गाजलेल्या भागात कर्क एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो आणि इतिहास बिघडू नये म्हणून तिला डोळ्यांदेखत मरू देतो. आठवडाभराने तो पुन्हा कप्तानाच्या खुर्चीत, शेजारी स्पॉक. जीव लावायला, रुसायला, जखम बांधायला लेखकांच्या हाती कायमचं माणूस एकच उरे, ते म्हणजे जोडीदार.

याला दुसरी एक बाजू होती. अमेरिकन प्रसारकांची १९५२ पासूनची आचारसंहिता लैंगिक 'विकृती' हा कार्यक्रमाचा विषय होऊ देत नव्हती, आणि समलिंगी प्रेम त्यातच मोडत होतं. जे पडद्यावर असूच शकत नाही त्याचा संशय कोण घेणार? म्हणून दोन पुरुषांना एकमेकांसाठी रडायला, एकमेकांना कवटाळायला एरवीपेक्षा जास्तच मोकळीक मिळाली.

सप्टेंबर १९६७ मध्ये दाखवलेला 'अमॉक टाइम' हा भाग याचा उत्तम नमुना आहे. व्हल्कन लोकांना ठरावीक वर्षांनी मीलनाचा ज्वर चढतो आणि जोडीदार न मिळाल्यास जीव जातो. स्पॉकवर ती वेळ येते. कर्क वरिष्ठांचा हुकूम मोडून, स्वतःची नोकरी पणाला लावून त्याला त्याच्या ग्रहावर नेतो. तिथे वाग्दत्त वधूच्या डावामुळे दोघांनाच एकमेकांशी झुंजावं लागतं आणि आपल्या हातून कर्क मेला अशी स्पॉकची समजूत होते. यानावर परतून तो राजीनाम्याची आणि शिक्षेची भाषा बोलत असतो. तेवढ्यात कर्क जिवंत समोर येतो. डॉक्टर मॅकॉयने टोचलेल्या औषधाने तो नुसता मेल्यासारखा झालेला असतो. स्पॉक त्याचे दोन्ही दंड धरतो, 'जिम!' म्हणून ओरडतो आणि तोंडभर हसतो. मग डॉक्टर आणि नर्स बघताहेत हे ध्यानात येताच हसू गिळतो, आणि एक कर्तबगार कप्तान वाचला म्हणून तर्काला धरून समाधान वाटलं, अशी सारवासारव करतो. ज्या वधूसाठी जीव जायची वेळ आली होती तिच्याविषयीची ओढ तर केव्हाच विझलेली असते.

हे सगळं टिपून घेणाऱ्या बहुतांश बायका होत्या. 'स्टार ट्रेक'ला वाहिलेलं पहिलं हौशी नियतकालिक 'स्पॉकानालिया' १९६७ मध्येच निघालं, तेही दोघींनी काढलेलं. यंत्रणा घरगुतीच: टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या, पानं लावून पिना मारायच्या आणि टपालाने पाठवायच्या. सत्तरच्या दशकात या बायकांनी कथांची वर्गवारी करायला एक साधी खूण रूढ केली. दोघांची दोस्ती असेल तर 'के' आणि 'एस' या आद्याक्षरांमध्ये 'आणि'चं चिन्ह, प्रेमसंबंध असेल तर तिरकी रेघ. त्या रेघेला इंग्रजीत म्हणतात 'स्लॅश', आणि तेच या लेखनप्रकाराचं नाव झालं.

कर्क-स्पॉकनंतर नंबर लागला तो 'स्टार्स्की अँड हच'चा (१९७५-७९). हे दोघे साध्या वेशातले पोलीस, लाल ग्रॅन टोरिनोतून भटकणारे. एकमेकांच्या गळ्यात पडण्यात त्यांना संकोच नसे. १९७७ च्या एका भागात स्टार्स्कीच्या जुन्या गुरूचा, एका पोलीस अधिकाऱ्याचा, खून होतो आणि तो समलिंगी होता हे उघड होतं. भागाच्या शेवटी आपण दोघे किती वेळ एकत्र घालवतो याचा हिशेब मांडून हे दोघे स्वतःचीच चेष्टा करतात. म्हणजे प्रेक्षकांच्या मनात काय येतं हे लेखकांना तोवर ठाऊक झालं होतं. इंग्लंडमध्ये 'द प्रोफेशनल्स' या मालिकेतल्या बोडी-डॉइल जोडीच्या कथा तर अंकात छापण्याऐवजी झेरॉक्स होऊन टपालानेच हातोहाती फिरल्या.

बायकांनी दोन पुरुषांचं प्रेम का लिहावं? १९८५ मध्ये कथाकार जोआना रस आणि १९८६ मध्ये पॅट्रिशिया लॅम्ब व डायना वीथ यांनी जवळपास एकच उत्तर दिलं: त्या काळच्या स्त्री-पुरुष कथेत बरोबरीचं नातं रंगवणं अवघड होतं. कोण हुकूम सोडणार आणि कोण वाट बघत बसणार, हे आधीच ठरलेलं. कर्क-स्पॉक मात्र हिमतीने आणि धोका पत्करण्यात तोडीस तोड. म्हणून लेखिकांनी आपल्याला हवं ते नातं त्यांच्यावर रचलं. समलिंगी पुरुषांपैकी काहींनी तक्रार केली की यात आमचं खरं जगणं कुठे आहे, आणि ती रास्तच होती. साध्या दोस्तीवर हा अन्याय आहे असं म्हणणारे चाहतेही होते. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी १९७९ च्या चित्रपट-कादंबरीत मित्र, भाऊ आणि प्रियकर असे तिन्ही अर्थ असलेला एक व्हल्कन शब्द घडवला. मग तळटीपेत कर्ककडूनच प्रियकर असल्याची अफवा हसत हसत नाकारायला लावली. दार बंद केलं, पण कडी घातली नाही.

पुरुषांना मिळालेली ही सूट बायकांना मात्र नव्हती. १९८२ मध्ये 'कॅग्नी अँड लेसी' या दोन महिला पोलिसांच्या मालिकेतून मेग फॉस्टरला सहा भागांनंतर काढलं आणि शॅरन ग्लेसला घेतलं. या दोघी समलिंगी वाटतात, असं वाहिनीच्या एका अधिकाऱ्याने नाव न सांगता 'टीव्ही गाइड'ला बोलून दाखवलं.

म्हणून जुन्या मालिकांमध्ये हे प्रेम 'होतं' की चाहत्यांनी 'घुसडलं' हा वाद मला फोल वाटतो. पडद्यावर बाईला टिकू द्यायचं नाही, हे धंद्याने ठरवलं. मग उरलेल्या एकमेव टिकाऊ नात्याचा अर्थ पडद्याबाहेरच्या बायांनी लावला. कर्क-स्पॉकला निव्वळ जिवलग दोस्त मानणाराही चुकत नाही, कारण पडद्यावरचं साहित्य दोघांना पुरेल इतकं आहे. या लेखिकांच्या वारसदारांनी चालवलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या कथासंग्रहाच्या संकेतस्थळाला २०१९ मध्ये ह्युगो पुरस्कार मिळाला. तिथे दोस्ती आणि प्रेम आजही त्याच दोन खुणांनी वेगळं केलं जातं.