दुखणे काढणाऱ्यांची विचारपूस

श्रोतेहो, गावात कोणी अंथरुणाला खिळले की आपण त्याला पाहायला जातो. जाताना चार केळी नेतो, खाटेशेजारी बसतो, "आता कसं वाटतंय?" म्हणून विचारतो आणि चहा घेऊन परततो. तो चहा करणारी, रात्री तीनदा उठून दुखणेकऱ्याची कूस बदलणारी जी सून किंवा लेक असते, तिला मात्र "तू कशी आहेस, बाई?" असे क्वचितच कोणी विचारते. हा साधा प्रश्न विचारायला माणसे कशी शिकली, त्याचा एक लहानसा इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

या कथेची सुरुवात लंडन शहरातली. चॅड वारा नावाचे एक पाद्री तेथे होते. जगणे नकोसे झालेल्या माणसांना कोणाशी तरी बोलता यावे, म्हणून त्यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला. लोक प्रत्यक्षही येऊ लागले. पाद्रीबाबांची भेट होईपर्यंत त्यांना बसवावे, चहा द्यावा, एवढ्यासाठी काही स्वयंसेवक आले. ते ना डॉक्टर, ना धर्मोपदेशक. पण झाले काय, की पुष्कळांचे मन या साध्या माणसांशी बोलूनच हलके होई. पाद्रीबाबांना भेटण्याची गरजच उरत नसे. वारा यांनी हे हेरले आणि १९५४ च्या आरंभीच ऐकण्याचे काम स्वयंसेवकांवर सोपवले. उपदेश नाही, औषध नाही, फक्त मित्राच्या नात्याने ऐकायचे. यालाच आपण 'स्नेहसोबत' म्हणू या.

याच सुमारास, १९५४ मध्ये, इंग्लंडमधल्या मेरी वेब्स्टर या धर्मोपदेशिकेने आपले काम सोडले. वय एकतीस, लग्न झालेले नाही, घरी आईवडील थकलेले. "तूच आहेस मोकळी, तूच कर," हा न्याय आपल्याकडेच चालतो असे नाही बरं का! काम सुटले तसे उत्पन्न सुटले आणि माणसेही तुटली. जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहून अशा स्त्रियांची ओढग्रस्त आणि त्यांचा एकलेपणा मांडला. त्यावर देशभरातून पत्रे येऊ लागली. ज्या त्या स्त्रीला वाटत होते, की चार भिंतींत अडकलेली मी एकटीच. आता कळले, की आपल्यासारख्या कितीतरी आहेत. यातूनच १९६५ मध्ये अविवाहित स्त्रिया व त्यांच्यावर अवलंबून असलेले आप्त यांच्यासाठी एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली. वेब्स्टरबाई १९६९ मध्ये वारल्या, पण चळवळ थांबली नाही. सेवेसाठी नोकरी सोडणाऱ्यांना १९७६ पासून सरकारी भत्ता मिळू लागला.

या भत्त्यात एक गोम होती. विवाहित स्त्रीला तो मिळत नसे. का? तर ती घरीच असणार, हे गृहीत धरलेले! जॅकलिन ड्रेक नावाच्या एका विवाहितेने आईच्या सेवेसाठी नोकरी सोडली होती. तिने दाद मागितली आणि जून १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेद चुकीचा ठरवला. पुढे २००१ च्या जनगणनेत बिनमोबदला सेवा करणाऱ्यांची तेथे प्रथमच मोजणी झाली, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून ती संख्या सुमारे ५२ लाख भरली. इतकी माणसे तोवर कोणत्याच खात्यात जमा नव्हती.

पण भत्त्याने घर चालते, दाराची कडी वाजत नाही. म्हणून तेथे ठिकठिकाणी स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी अशा घरी जातात, किंवा फोनवर बोलतात. पाहुणा येतो तो दुखणेकऱ्यासाठी नव्हे, दुखणे काढणाऱ्यासाठी.

हे परदेशातच शक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने केरळकडे पाहावे. कोळिकोड येथे १९९३ मध्ये असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्यासाठी डॉक्टरांनी आणि नागरिकांनी एक संस्था काढली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात आणि आसपास या कामाने शेजारधर्माचे रूप घेतले. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकतील अशा गावकऱ्यांना शिकवून तयार करण्यात आले. ते रोग्याच्या घरी जातात, घरच्यांशी बोलतात, लागेल तेव्हा डॉक्टर-परिचारिकेला कळवतात. राज्य सरकारने २००८ मध्ये या सेवेसाठी धोरणच जाहीर केले.

यातून आपण काय घ्यावे? पहिले म्हणजे, वार ठरवावा आणि तो पाळावा. वाट पाहायला लावून न येणारा पाहुणा, न ठरवलेल्या पाहुण्यापेक्षा वाईट. दुसरे, सल्ले देऊ नयेत. अमक्या वैद्याकडे न्या, तमके चाटण द्या, हे ती बाई रोजच ऐकत असते. तिसरे, घरातले ऐकलेले घरातच ठेवावे. ते पारावर गेले, की ते दार पुन्हा उघडत नाही. आणि चौथे, ती रागाने बोलली, "कंटाळले मी," म्हणाली, तर तिला कर्तव्याची आठवण करून देऊ नये. कर्तव्य ती करतेच आहे.

शिक्षकमित्रांनो, तुमच्यासाठी एक वेगळे सांगणे. वर्गात वारंवार गैरहजर राहणारी एखादी मुलगी आळशी असेलच असे नाही. घरी आजीला भरवून, आईचे औषधपाणी करून ती शाळेत येत असेल. हजेरीपटावर फुली मारण्यापूर्वी एकदा तिच्या घरी जाऊन यावे. जाल तेव्हा अभ्यासाचे नंतर काढा. आधी तिला विचारा, की घरी तुझ्या मदतीला कोण आहे. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.