काजरा

काजरा : (सं. कारस्कर, कुपीलु, विषतिंदुक, हिं. कुचला; गु. झेरकोचला, क. कासरक, मल्या. कांजिरम, लॅ. स्ट्रिक्नॉस नक्स-व्होमिका, कुल–लोगॅनिएसी). रत्नागिरी व एकंदर कोकणातील रानांत आढळणारा विषारी पानझडी वृक्ष. पाने समोरासमोर, चकचकीत. तळापासून 3–5 ठळक शिरा. पिकलेले फळ लहान नारिंगासारखे दिसते. त्याच्या गरात चपट्या, बटणासारख्या, करड्या रेशमी लवेच्या बिया असतात. माडगरूड हा पक्षी हे फळ खातो. माणसाला मात्र बी घातक ठरते.

व्युत्पत्ती : काजरा हा शब्द सहसा संस्कृत ‘कारस्कर’शी जोडला जातो. कारस्कर हे वृक्षनाम जुने आहे, ते सिद्ध करण्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र (6.1.156) दिले आहे. पण त्यापासून काजरा साधणे अवघड जाते. संस्कृतातील ‘स्क’चा मराठीत ‘ख’ होतो (स्कंध–खांदा). ‘ज’ होत नाही. याउलट मल्याळम ‘कांजिरम’मधील अनुनासिक गळून मधला स्वर लोपला, की काजरा सहज हाती येतो. त्यामुळे हे नाव पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून वर आले असावे आणि ‘कारस्कर’ हे संस्कृत रूपही त्याच मुळाचे असावे, हा तर्क अधिक पटतो. केरळातील कांजिरपळ्ळी या गावाच्या नावात हेच झाड आहे. रत्नागिरीजवळच्या काजरघाटीचे नावही त्याच्याशी जुळते. ‘काजू’शी काजऱ्याचा संबंध नाही. तो शब्द ब्राझीलमधील तुपी भाषेतून पोर्तुगीजांबरोबर आला.

अन्य नावे बीवरून किंवा गुणावरून पडली. विषतिंदुक म्हणजे विषारी टेंभुर्णी. जर्मनमध्ये बीला ‘कावळ्याचे डोळे’ अशा अर्थाचे नाव आहे. लॅटिन ‘नक्स व्होमिका’चा रूढ अर्थ ‘ओकारीचे फळ’; मात्र या विषाचे मुख्य लक्षण ओकारी नसून झटके हे आहे. ‘स्ट्रिक्नॉस’ हे ग्रीकांचे कामोणीसारख्या वनस्पतींचे नाव. लिनीअसने 1753 मध्ये ते या वृक्षाच्या प्रजातीला दिले. पेल्त्ये व काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी 1818 मध्ये याच प्रजातीतील बियांपासून अल्कलॉइड वेगळे केले आणि प्रजातीच्या नावावरून त्याला ‘स्ट्रिक्नीन’ म्हटले. ते मज्जारज्जूतील आवर घालणारे संदेश रोखते. स्नायू ताठरून श्वास बंद पडतो. आयुर्वेदात बी गोमूत्र, दूध व तूप यांनी शुद्ध केल्यावरच औषधात घेतात.