पिकअपमध्ये मुक्काम करायचाय? गाडी कशी तयार कराल आणि बारामती-इंदापूरच्या माळावर ती कुठे नेऊ नये?

मागे हौद्यात बिछाना, टपावर तंबू, फाळक्यावर मांडलेली शेगडी आणि समोर मोकळा माळ. पिकअप गाडीतून कॅम्पिंगला जाणाऱ्यांचे असे रील्स सध्या भरपूर दिसतात. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स घेणारे अनेक जण याच हौसेपोटी गाडी घेतात. पुण्याहून दोन-अडीच तासांत गाठता येणारे बारामती आणि इंदापूर तालुके त्यांना सोयीचे वाटतात. इथे उजनीचा जलाशय आहे, गवताळ माळ आहे आणि रात्री अंधारं आकाशही मिळतं.

पण गाडीवर खर्च करण्याआधी तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात: वजन, कायदा आणि जागा.

आधी वजनाचा हिशेब

गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि सामान-माणसांसह परवानगी असलेलं एकूण वजन. या दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मर्यादा. माणसांचं वजनही त्यातच धरायचं असतं.

एक अंदाज पाहू:

- हौद्यावरचं झाकण म्हणजे कॅनॉपी: 80 किलो
- टपावरचा तंबू: 60 किलो
- खाण्यासह फ्रीज: 35 किलो
- जादा बॅटरी आणि तिची पेटी: 25 किलो
- 40 लिटर पाणी: 40 किलो
- भांडी, अंथरूण, हत्यारं: 60 किलो

हे झाले 300 किलो. सरासरी 70 किलोची चार माणसं धरली, तर आकडा 580 वर जातो. टपावरचं वजन जितकं जास्त, तितकी गाडी वळणावर जास्त कलते. म्हणून पाणी, बॅटरी, हत्यारं अशा जड वस्तू खाली, केबिनच्या भिंतीला लागून बांधाव्यात. हलक्या वस्तू वर आणि वारंवार लागणाऱ्या फाळक्याजवळ ठेवाव्यात.

या भागाला हे नवीन नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती आणि इंदापूरमार्गे पंढरपूरला जाते. तिच्यासोबतच्या दिंड्यांचे ट्रक तंबू, भांडी आणि शिधा घेऊन रोज नव्या गावी संसार मांडतात. तिथे ताडपत्री आणि दोर एवढ्यावर काम भागतं.

वीज आणि पाणी किती लागतं?

12 व्होल्टची, 100 अँपिअर-अवरची बॅटरी साधारण 1200 वॉट-अवर वीज साठवते. उन्हात 40 लिटरचा फ्रीज दिवसाला 400 ते 500 वॉट-अवर खातो. दिवे आणि मोबाइल धरले, तर लिथियम बॅटरी दोन दिवस पुरते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली, तर तिचं आयुष्य कमी होतं. त्यामुळे ती एकच दिवसाची धरा. ही बॅटरी गाडीच्या मूळ बॅटरीपासून वेगळी असावी आणि वायरला फ्यूज असावा. नाहीतर सकाळी गाडीच सुरू होणार नाही.

पिणं आणि स्वयंपाक यासाठी माणशी रोज किमान 5 लिटर पाणी धरा.

बंद कॅनॉपीत किंवा तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत तो जीव घेऊ शकतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम 182-अ नुसार बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे लावायच्या बुल बारवरही 2017 मध्ये केंद्राने कारवाईचे आदेश दिले आहेत.

म्हणून हौद्यात वेल्डिंग करून पलंग बसवण्याऐवजी पट्ट्यांनी बांधता येणारी, सुटी होणारी मांडणी बरी. कायमचा बदल करायचा असेल, तर आधी आरटीओला विचारा. बारामती, इंदापूर आणि दौंडसाठी एमएच-42 हे बारामतीचं कार्यालय आहे. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो. पिवळ्या नंबरप्लेटची मालवाहू पिकअप असेल, तर हौद्यात माणसं बसवणं बेकायदेशीर आहे.

रस्ता कसा आहे?

इथे मोठे खडक कमी आहेत. त्रास होतो तो दोन गोष्टींचा: काळी माती आणि बाभळीचे काटे. पावसानंतर काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि महागडं ऑल-टेरेन टायरही गुळगुळीत होऊन घसरतं. उजनीच्या काठावर वरून भेगाळलेला, सुका दिसणारा गाळ आतून ओला असतो. तिथे गाडी रुतली की बहुतेक वेळा ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. काठावर गाडी उतरवू नका.

सोबत हवेचा कॉम्प्रेसर, ट्यूबलेस पंक्चर किट, फावडं, टो-पट्टा आणि चाकाखाली घालायच्या पट्ट्या असू द्या. हिवाळ्यात ऊसतोडीचा हंगाम असतो. माळेगाव, भवानीनगर अशा कारखान्यांकडे जाणारे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर धावतात. त्यामुळे शेतरस्त्यावर गाडी लावून झोपणं धोक्याचं आहे.

माळ मोकळा दिसतो, पण रिकामा नसतो

बारामतीतलं शिर्सुफळ आणि इंदापुरातलं कडबनवाडी इथल्या गवताळ माळांवर लांडगा, तरस, खोकड आणि चिंकारा राहतात. बारामती तालुक्यातलंच सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. अशा प्राण्यांसाठी सलग माळ आता थोडाच उरला आहे.

लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यात बिळांत असतात आणि कॅम्पिंगचा हंगामही तोच. माळटिटवी, धाविक, चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. ती मातीच्याच रंगाची असल्याने गाडीतून दिसत नाहीत. एकाने वाट सोडून गाडी घातली की मागचे त्याच चाकोरीतून जातात. दबलेल्या जमिनीत गवत नीट उगवत नाही. याच माळांवर मेंढपाळांचे कळपही चरतात, म्हणजे नुकसान त्यांचंही होतं.

आगीचा धोका वेगळाच. बीएस-6 डिझेल गाडीचा फिल्टर स्वतःला साफ करताना आत सुमारे 600 अंशांपर्यंत तापतो. सुक्या गवतावर अशी गाडी उभी केली, तर शेकोटी न पेटवताही वणवा लागू शकतो. भारतीय वन कायदा, 1927 नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि आग लावणं हा गुन्हा आहे.

माळ पाहायचाच असेल, तर पुणे वन विभागाची ग्रासलँड सफारी शिर्सुफळ आणि कडबनवाडीतच चालते. तिची नोंदणी ऑनलाइन होते, मार्ग ठरलेले असतात आणि सोबत स्थानिक गाइड असतो.

मग मुक्काम कुठे?

- बारामती परिसरातल्या कृषी पर्यटन केंद्रांत फोन करून गाडी लावायला जागा मिळते का, ते विचारा.
- भिगवणजवळच्या कुंभारगावात पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी घरगुती मुक्काम आणि होड्यांची सोय आहे.
- शेतात थांबायचं असेल, तर मालकाची परवानगी दिवसाउजेडी घ्या. गाडी पिकात नाही, खळ्यात किंवा घराजवळ लावा.

निघण्यापूर्वी इतकं तपासा

- भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन आरसीतल्या आकड्याशी ताडून पाहा.
- स्टेपनीत हवा आहे ना, ते बघा.
- अग्निशामक केबिनमध्ये, हाताला येईल असा ठेवा.
- कचऱ्यासाठी दोन पिशव्या घ्या आणि भरून परत आणा.
- मुक्कामाची जागा आणि तिथल्या माणसाचा नंबर घरी देऊन ठेवा.