टिपणाची कादंबरी होताना

ल आव्र या फ्रेंच बंदरातल्या शाळेत ज्याँ-पॉल सार्त्र १९३१ साली तत्त्वज्ञान शिकवायला रुजू झाला, तेव्हा त्याच्या हातात होतं ते एक रूक्ष टिपण. कुठलीच वस्तू असायलाच हवी असं काही कारण नसतं, ती नुसती असते, हा त्याचा मुद्दा. त्याची सहचरी सिमोन द बोव्हारने ते वाचलं आणि सुचवलं, की याला गोष्टीचं रूप दे. डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांत आपल्याला जी उत्कंठा आवडते, ती यातही येऊ दे. तत्त्वज्ञाच्या टिपणावर असला सल्ला! पण सार्त्रने तो मानला आणि पुढची काही वर्षं मसुद्यांवर मसुदे खरडले.

गालीमार प्रकाशनाने हस्तलिखित आधी परत पाठवलं. मग घेतलं, पण काटछाट करून आणि ‘मेलांकोलिया’ हे नाव बदलून. ‘नॉशिया’ १९३८मध्ये निघाली. तिचा नायक रोकांताँ बागेत बाकावर बसलेला असतो. पायाशी चेस्टनटच्या झाडाचं काळं, गाठाळ मूळ. बघता बघता त्याला ‘मूळ’ हे नावच आठवेनासं होतं. उरतो तो एक ओबडधोबड गोळा, कशासाठीही नसलेला. वाचकाला मुद्दा पटायच्या आधीच मळमळायला लागतं. टिपणाला हे जमलं नसतं.

त्याच वर्षी अल्जीअर्सच्या एका वृत्तपत्रात चोवीस वर्षांच्या आल्बेर काम्यूने तिचं परीक्षण लिहिलं. लेखकाच्या ताकदीला त्याने मनापासून दाद दिली, पण कथा आणि सिद्धान्त इथे एकजीव झालेले नाहीत, अशी तक्रारही केली. सार्त्रची पाळी १९४३मध्ये आली. काम्यूच्या ‘द आउटसायडर’ या कादंबरीवर त्याने मोठा लेख लिहिला, त्यातल्या तुटक, सुट्या वाक्यांचं बारकाईने विश्लेषण केलं, आणि जाता जाता टोमणा हाणला, की यास्पर्स, हायडेगर, किर्केगार्द यांचे दाखले देणाऱ्या काम्यूला ते नेहमी नीट कळलेले दिसत नाहीत. दोघांचंही निदान बरोबर होतं. काम्यू तत्त्वज्ञ म्हणून कच्चा आणि कादंबरीकार म्हणून पक्का; सार्त्रचं गणित नेमकं उलटं.

पण त्यातही गंमत आहे. सार्त्रमधला कथाकार खरा खुलतो तो ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या १९४३च्या जाडजूड ग्रंथात. कॅफेतला वेटर जरा जास्तच चपळ, जरा जास्तच अदबशीर, जणू वेटरची भूमिका करणारा नट. किंवा पीएरची गोष्ट: चारला भेटायचं ठरलेलं, निवेदक पंधरा मिनिटं उशिरा पोचतो. पीएर वक्तशीर माणूस. थांबला असेल का? टेबलं, आरसे, धूर, माणसं, सगळं नजरेआड सरकत जातं आणि कॅफेभर जाणवत राहतं ते फक्त त्याचं नसणं. ‘अभावा’वरचं हे विवेचन एखाद्या लघुकथेत सहज खपून गेलं असतं.

उलट, सिद्धान्त हाताशी तयार असताना लिहिलेली त्याची ‘रोड्स टू फ्रीडम’ ही कादंबरीमाला तीन खंडांनंतर अडकली. चौथा खंड त्याने कधीच पुरा केला नाही.

बोव्हार स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवायला नाखूश असे. तो मान तिने सार्त्रला देऊन टाकला होता. हा तिचा नको तितका विनय. ‘शी केम टू स्टे’ (१९४३) या पहिल्या कादंबरीत पॅरिसमधल्या एका जोडप्यात तिसरी व्यक्ती म्हणून एक मुलगी येते, आणि दुसऱ्याच्या जाणिवेचा आपल्याला जाच का होतो, हा हेगेलचा प्रश्न रोजच्या असूयेत, उशिरापर्यंत चाललेल्या गप्पांत उभा राहतो. शेवटी जोडप्यातली फ्रांस्वाज गॅसची कळ फिरवून त्या मुलीला, झाव्हिएरला, मारते. कलेच्या दृष्टीने हा शेवट कमजोर असल्याचं बोव्हारने पुढे आठवणींत कबूल केलं. पण तो लिहिणं तिला स्वतःसाठी गरजेचं वाटलं होतं.

काम्यूच्या ‘द रिबेल’ या वैचारिक ग्रंथाची सार्त्रच्या मासिकाने १९५२मध्ये चिरफाड केली आणि दोघांची मैत्री तुटली. त्या वादात तर्काच्या बाजूने काम्यू मागेच पडला. १९५६मध्ये त्याने ‘द फॉल’ लिहिली: ॲम्स्टरडॅममधल्या बारमध्ये पॅरिसचा एक माजी वकील अनोळखी माणसाशी एकटाच बोलत सुटतो, आधी स्वतःवर आरोप करतो, मग त्याच आरोपांत समोरच्यालाही हळूच ओढतो. यात सार्त्रच्या गोटावरची चपराक अनेकांना दिसली, काहींना काम्यूचं स्वतःचंच प्रायश्चित्त. सार्त्रने मात्र १९४९नंतर एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही.