तक्रार घेऊन जायचं कुठे? देसाईगंज, पालघर, मढ आणि एक न बोलला जाणारा विषय

पोस्ट मोठी आहे आणि विषय अवघड आहे, तरी शेवटपर्यंत वाचा.

'किंक' हा शब्द अनेकांनी ऐकलाही नसेल. प्रौढ माणसांनी आधी बोलून, ठरवून जवळिकीत बांधणं, हुकूम देणं-पाळणं, थोडी वेदना असे प्रकार करणं म्हणजे ढोबळमानाने किंक. ही आवड असणाऱ्यांचे गट असतात, भेटी होतात, कार्यशाळा होतात. आपल्याला ते पटो न पटो, तो आजचा मुद्दा नाही. मुद्दा असा की अशा भेटीत कुणी ठरलेली मर्यादा ओलांडली, 'थांब' म्हटल्यावर थांबलं नाही किंवा गुपचूप फोटो काढले, तर त्या माणसाने जायचं कुठे?

समजा, बोईसरला भाड्याच्या खोलीत राहून तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणारी एखादी मुलगी डहाणू लोकलने मुंबईला अशा भेटीला गेली आणि तिथे वाईट घडलं. परत आल्यावर ती पोलीस ठाण्याची पायरी चढेल? मला नाही वाटत. त्यामागे पन्नास वर्षांचा अनुभव आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रातला आहे.

सुरुवात 1972 पासून करू. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. हेच ते मथुरा प्रकरण. सत्र न्यायालयाने तिच्या आधीच्या संबंधांवर बोट ठेवून आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं, कारण अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता! 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हा त्यांचा मुद्दा. त्यातून आंदोलन उभं राहिलं, 1983 मध्ये कायदा बदलला. काय घडलं याआधी 'तू कशी आहेस' हे विचारलं गेलं की तक्रार तिथेच मरते, हा या प्रकरणाचा धडा.

आता पालघर. नोव्हेंबर 2012, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर सगळं बंद झालं, त्यावर एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, दुसरीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात कलम 66 अ रद्दही झालं. पण छोट्या गावाने शिकायचं ते शिकून घेतलं: चारचौघांपेक्षा वेगळं बोललात तर जमाव दारात येतो आणि अटकही तुमचीच होते.

त्याच वर्षी, ऑगस्ट 2015 मध्ये, मढ आणि आक्साच्या हॉटेलांवर पोलिसांचे छापे पडले. खोली घेऊन राहिलेल्या सुमारे 40 जोडप्यांना ठाण्यात नेलं. बंद खोलीतल्या प्रौढांवर 'सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन' म्हणून मुंबई पोलीस कायद्याच्या कलम 110 खाली 1200 रुपये दंड! काहींच्या घरी फोन गेले. साध्या जोडप्यांची ही गत, तर किंकवाल्याने तक्रार नेल्यावर काय होईल, याचा अंदाज कुणालाही करता येतो.

ही भीती फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये 1987 मध्ये पोलिसांच्या हाती एक व्हिडिओ कॅसेट लागली. पुरुषांच्या एका गटाचे आपखुशीने चाललेले खासगी प्रकार. तक्रार कुणाचीच नव्हती. तरी खटला चालला, 1990 मध्ये शिक्षा झाल्या. ज्यांनी वेदना सोसली त्यांच्यातल्याही काही जणांना सहभागी म्हणून दोषी ठरवलं! 1993 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ते कायम केलं. म्हणजे तिथे तक्रारदार स्वतःच आरोपी व्हायची सोय झाली.

मग गटांनी आपापले नियम केले. आधी हो-नाही स्पष्ट बोलणं, थांबवण्यासाठी ठरलेला शब्द, कार्यक्रमात लक्ष ठेवणारी माणसं. चांगलंच आहे. पण यात एक खोट आहे. अनेकदा ज्याच्याविरुद्ध बोट दाखवायचं तोच आयोजक असतो, किंवा त्याचा जिगरी दोस्त. मग 'गटाची बदनामी होईल', 'आपसांत मिटवू' सुरू होतं. हे आपल्याला नवीन आहे का? जातपंचायती हेच करत आल्या. घरचं घरात मिटवायचं, आणि बोलणाऱ्यालाच वाळीत टाकायचं. त्यासाठी महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तक्रार करणाऱ्यालाच ग्रुपमधून काढणारा किंकचा गट आणि जातपंचायत, फरक फक्त पोशाखाचा.

उपाय? तोही आपल्याच इतिहासात आहे. राजस्थानच्या भँवरीदेवींच्या लढ्यातून 1997 मध्ये विशाखा निर्देश आले, 2013 मध्ये कायदा झाला. त्यातली सगळ्यात शहाणी तरतूद म्हणजे चौकशी समितीत एक सदस्य बाहेरचा हवा. हा कायदा नोकरीच्या जागेपुरता आहे, हौशी भेटीला आलेल्या पाहुण्याला तो लागू होत नाही. पण तत्त्व उचलायला कुणाची परवानगी लागते? तक्रार ऐकणारी किमान दोन माणसं, आयोजकाच्या गोतावळ्याबाहेरचं एक जण, तारीख-वार लेखी नोंद, नाव फुटणार नाही याची हमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोलिसांकडे जायचं की नाही हे तक्रारदार ठरवणार, गट नाही. कुणी जात असेल तर अडवायचं नाही, सोबत जायचं.

कायदाही 1972 चा राहिलेला नाही. 2013 पासून बलात्काराच्या व्याख्येत संमती म्हणजे स्पष्ट, स्वेच्छेने दिलेला होकार; झटापट केली नाही म्हणून होकार धरता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 नुसार 18 वर्षांवरील व्यक्तीने संमती दिलेली किरकोळ इजा हा गुन्हा नाही. पण संमती ज्याला दिली तेवढ्यापुरतीच. घटना मुंबईची असली तरी बोईसरच्या ठाण्यात तक्रार देता येते, ती झिरो एफआयआर म्हणून नोंदवावी लागते. बलात्कारासारख्या गुन्ह्यात स्त्रीची तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते, आणि ती नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. पीडितेचं नाव फोडणं हाही गुन्हा.

एक मोठं भोक मात्र राहिलंय. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, जबरदस्तीसाठी ते कलम ठेवलं. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली आणि ते कलमच गेलं, बदली काही आलं नाही. म्हणजे त्याच बोईसरच्या खोलीत राहणाऱ्या मुलावर असा प्रसंग आला, तर त्याच्यासाठी बलात्काराचं कलम नाही. दुखापत, डांबून ठेवणं असल्या कलमांवर भागवायचं, फोटो काढले असतील तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ई. यावर आपल्या खासदार-आमदारांना प्रश्न विचारायला हवा.

बाकी, ठाण्यात बसलेल्या साहेबांना, गटाच्या आयोजकांना आणि आपल्या सगळ्यांना एकच सांगणं. कुणी समोर येऊन बसलं तर पहिला प्रश्न 'तू तिथे गेलीस कशाला' हा नको. 'काय झालं, सांग' हा हवा. देसाईगंजच्या त्या मुलीला तो कुणी धड विचारला नव्हता.